आत्याच्या शेजारची जागा

निमंत्रण आलं ते माझ्या लेकीच्या मोबाइलवर. मला नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. मी सकाळी डब्याच्या पोळ्या लाटत होते, तेवढ्यात ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, आत्याने पास पाठवलेत. येत्या रविवारी तिच्या रोलर कोस्टरचं उद्घाटन आहे. पहिल्या गाडीत मी बसणार, तिच्या शेजारी."

"तुला एकटीलाच बोलावलंय?"

"नाही गं, तिघांचे पास आहेत. तू आणि बाबा पण."

तो 'पण' मला दिवसभर पुरला.

आत्या म्हणजे माझी नणंद. नवऱ्याहून बरीच लहान. मी लग्न होऊन चौलला आले तेव्हा ती शाळेत जायची, दोन वेण्या घालून. त्या वेण्या मीच घालत असे. पुढे ती पुण्याला इंजिनिअरिंग शिकली आणि मोठमोठे पाळणे, झुले, रोलर कोस्टर उभारणाऱ्या कंपनीत लागली. कधी गुजरातेत असायची, कधी दुबईला. गणपतीला आणि दिवाळीला यायची, सगळ्यांना काहीतरी आणायची, परत जायची. तोवर आमचं छान चाललं होतं.

मग रेवसच्या रस्त्याला, खारेपाटातल्या पडीक जमिनीवर नवीन पार्क उभं राहिलं आणि तिथल्या रोलर कोस्टरचं काम तिच्याकडे आलं. वर्षातून दोनदा येणारी नणंद दर शनिवारी यायला लागली. तिच्या बुलेटचा आवाज वळणावर आला की माझी बारावीतली मुलगी पुस्तक उपडं टाकून अंगणात. दोघी मागच्या वाडीत जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसायच्या. हसण्याचे आवाज यायचे. मी चहा घेऊन गेले की हसणं थांबायचं. "काय झालं गं?" विचारलं की दोघी एकदम म्हणायच्या, "काही नाही."

त्या वर्षी लेकीने केस कापले, आत्यासारखे, मानेपर्यंत. मला न विचारता. नंतर आत्यासारखेच जाड तळव्याचे बूट घेतले. एका शनिवारी मी मुद्दाम कोलंबीचं भुजणं केलं, कारण लहानपणी ती त्यासाठी ताटावर हटून बसायची. त्या दिवशी तिने अर्धवट खाल्लं. संध्याकाळी आत्याने तिला पातेल्यात मॅगी करून दिली, वर किसलेलं चीज घालून. दोघींनी ती चुलीपाशी उभ्याउभ्या एकाच पातेल्यातून संपवली. नंतर ते पातेलं मीच घासलं.

मी अलिबागला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सुईची भीती वाटते म्हणून माणसं बोलत राहतात. कोणी सुनेचं सांगतं, कोणी न आलेल्या झोपेचं, कोणी पंधरा वर्षं न बोललेल्या भावाचं. दिवसभर अनोळखी माणसं मला मनातलं सांगत असतात, आणि माझी स्वतःची मुलगी 'काही नाही' आणि 'बघू' याच्यापलीकडे जात नव्हती. नवऱ्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "अगं, माझ्या बहिणीशी तिचं पटतंय, तर तुला आनंद व्हायला हवा."

"होतोय की आनंद," असं म्हणून मी कुकरचं झाकण लावलं. ते जरा जोरात लागलं.

रविवारी आम्ही सकाळीच निघालो. थंडीचे दिवस होते. अलिबाग मागे पडलं, चोंढीचा नाका गेला आणि पुढे भातखाचरं आणि खारी जमीन सुरू झाली, तसं ते दिसलं. पिवळ्या रुळांचं एक प्रचंड गुंतवळ, निळ्या खांबांवर उभं. त्या सपाट मुलखात ताडांशिवाय उंच असं काही नव्हतं, त्यामुळे ते आहे त्याच्या दुप्पट उंच वाटत होतं. लेक गाडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर निघाली. "बाबा, तो पहिला चढ बघा! आत्या म्हणते, तिथून उतरताना पोट वरच राहतं आणि आपण खाली येतो!"

मला उंचीची भीती आहे. माडीच्या गॅलरीतसुद्धा मी कठड्याला टेकत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत असल्यामुळे, तू बसणार का, असं मला कोणी विचारलंच नव्हतं. ते मला त्या क्षणी खटकलं. बसले नसतेच, पण विचारायला काय हरकत होती?

नणंद फाटकाशी आली. डोक्यावर पांढरं हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट. "वहिनी, आलीस! मला वाटलं, तू काहीतरी काम काढशील," असं म्हणत तिने मला मिठी मारली आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं हेल्मेट काढून लेकीच्या डोक्यावर ठेवलं. येणारी-जाणारी माणसं तिला 'मॅडम, मॅडम' करत होती. लेक तिच्या बाजूने अशी चालत होती, जणू निम्मा मान तिलाच मिळतोय. मी आणि नवरा मागून, हातात पाण्याची बाटली आणि डब्यातल्या नारळाच्या वड्या घेऊन.

उद्घाटनाला मालिकांमधली एक नटी आली होती. नारळ फुटला, फीत कापली गेली. गाडीच्या तोंडाला झेंडूचा जाडजूड हार घातला होता. फोटो झाले तशी नणंद म्हणाली, "आता तो हार काढा. एक फूलसुद्धा राहता कामा नये." दोन माणसांनी हार ओढून काढला, पाकळ्या पडल्या, त्या कोणीतरी झाडूने लोटल्या. मग पाहुणे बसायला लागले. नटी आणि पार्कचे मालक पुढे, आजूबाजूच्या गावांतली काही मंडळी मध्ये, शेवटच्या ओळीत माझी नणंद आणि तिच्या शेजारी, हेल्मेट बाबांच्या हातात देऊन बसलेली माझी मुलगी. मांडीवर आडवा दांडा आला. लेकीने हात हलवला. मीही हलवला. मग लक्षात आलं, ती माझ्या मागे उभ्या असलेल्या फोटोग्राफरला हात करत होती.

कठड्यापाशी माझ्या शेजारी नणंदेच्या ऑफिसातली एक मुलगी उभी होती. गोड होती, बोलकी होती. "तुम्ही मॅडमच्या वहिनी ना? तुमच्या मुलीचं मॅडम फार कौतुक करतात. विशाखापट्टणमला जहाजबांधणी शिकायला जायचं म्हणतेय ना ती? प्रवेश परीक्षेचा अभ्यासही चांगला चाललाय म्हणे."

आमच्या घरात ठरलं होतं ते असं, की बारावीनंतर ती जवळच्याच कॉलेजात बी. फार्म. करणार. घरून जाऊन येऊन. मी लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंशी बोलूनही ठेवलं होतं. विशाखापट्टणम कोणत्या राज्यात आहे हे आठवायला मला थोडा वेळ लागला.

"हो, म्हणतेय खरी," मी त्या मुलीला म्हणाले. परक्या पोरीसमोर आणखी काय म्हणणार?

नवऱ्याला बाजूला घेतलं. "तुला ठाऊक होतं?"

"नाही बुवा." तो खरंच चकित झाला होता. पण त्याला तेवढ्यावर थांबता आलं नाही. "जहाजबांधणी? अरे वा!"

गाडी सुटली. साखळीचा टक टक आवाज करत चढावर चढायला लागली. मी मान वर करून शेवटच्या ओळीतली दोन डोकी बघत होते, दोन्हींचे केस सारखेच कापलेले. या पाठमोऱ्या दोघींत आपली मुलगी कोणती, हे मला खालून ओळखू येईना. माझ्या पोटात जे पेटलं त्याला दुसरं नाव नाही, तो मत्सर होता. नऊ महिने पोटात मी वाढवली, तापात रात्र रात्र उशाशी मी बसले, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिने विहिरीच्या कठड्यावर बसून दुसरीला सांगितली.

चढाच्या जवळजवळ टोकाला पोचून गाडी थांबली.

आधी सगळ्यांना वाटलं, असंच असेल, गंमत म्हणून. बँडवाले वाजवत राहिले. मग गाडी चालवण्याच्या केबिनमधली माणसं बाहेर आली, वर बघू लागली, आणि बँड बंद पडला. लाउडस्पीकरवर एक बाई शांत आवाजात सांगू लागली, की यंत्रणेने सुरक्षेसाठी गाडी आपोआप थांबवली आहे, कोणीही घाबरू नये.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहिणं सोपं नाही. पोर वर लटकलेली, आणि मला क्षणभर बरं वाटलं. नणंदेची फजिती झाली, सगळ्यांसमोर, नटीसमोर, आणि मुख्य म्हणजे माझ्या लेकीसमोर. बघ म्हणावं तुझी आत्या. तो क्षण गेला आणि भीती आली. मी कठडा घट्ट धरला. आणि त्या भीतीतसुद्धा एक बारीक विचार टोचतच होता, की वर आत्ता तिने हात धरला असेल तो कोणाचा.

जवळ नऊवारीतली एक म्हातारी उभी होती, शेजारच्याच गावातली. माझा चेहरा बघून म्हणाली, "घाबरू नको गं बाय. माझी नात बी वरच हाय. उतरवतील. न्हाय कशी उतरवत?" तिने कनवटीची सुपारी काढून मला दिली. मी ती तोंडात टाकली आणि दोघी वर बघत उभ्या राहिलो.

रुळांच्या बाजूने लोखंडी जिना होता. दोन माणसं त्यावरून वर गेली आणि एकेका ओळीचे दांडे हाताने सोडवू लागली. आधी नटी उतरली, जिन्याला धरून, चपला हातात घेऊन. मग मालक, मग एकेक जण. म्हातारीची नात हसत खाली आली आणि आजीच्या कमरेला बिलगली. शेवटच्या ओळीकडे अजून कोणी वळलं नव्हतं. मला कळत होतं की पुढून मागे असाच क्रम असणार. तरी मी नवऱ्याला म्हणाले, "बघ, स्वतःच्या भाचीला शेवटी ठेवलं."

शेवटी त्या दोघी उतरायला लागल्या. नणंद पुढे, एकेक पायरी उलटी उतरत, तोंड लेकीकडे. लेक मागे. खाली पाय टेकताच पोरगी धावत माझ्याकडे आली. आत्याकडे नाही, बाबांकडे नाही, थेट माझ्याकडे. गाल लाल झालेले, डोळे चमकत होते.

"आई! वरून सगळं दिसतं! रेवसची लाँच सुटताना दिसली, खाडीतून बार्ज चाललेले दिसले, पलीकडे करंज्याचा डोंगर..."

"आणि विशाखापट्टणम?" मी म्हणाले. "ते दिसलं का?"

तिचा चेहरा उतरत गेला. आजूबाजूला माणसं होती, ती ऑफिसातली बोलकी मुलगीही होती. लेकीने बाबांनी पुढे केलेलं हेल्मेट त्यांच्याच हातात परत दिलं आणि झाडीच्या दिशेने चालायला लागली. नवरा माझ्याकडे एकदा बघून तिच्या मागे गेला.

नणंद केबिनकडे निघाली होती. तिच्या मागे चार माणसं प्रश्न विचारत होती. तिने ते सगळं ऐकलं असावं. अर्ध्या तासाने ती मला शोधत कॅन्टीनच्या मागे आली. मी तिथे एका बाकावर वड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. ती शेजारी बसली, हात काळे झालेले.

"हाराचा दोरा," ती म्हणाली. "एवढासा तुकडा सेन्सरला अडकला होता. उद्या सगळे म्हणतील, बाईने बांधलं म्हणून थांबलं."

मी डब्याचं झाकण उघडलं. मघाशी मलाही जवळपास तसंच वाटलं होतं.

"वहिनी, मी तिला कधीपासून सांगतेय, आईला सांग. दर शनिवारी सांगते."

"मग तुलाच का सांगते ती?"

"मला सांगण्यात तिचं काही जात नाही म्हणून." तिने डब्यातली वडी उचलली. "मी नको म्हटलं, तर ती मला दोन शिव्या घालून मॅगी खाईल. तू नको म्हटलंस, तर ती जाणारच नाही. एवढा फरक आहे."

"हे तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"मी पुण्याला जायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा कोणाला सांगितलं होतं? आईला?"

तिने मला सांगितलं होतं. ओटीवर वेणी घालून घेता घेता, माझ्याकडे पाठ करून. मीच सासूबाईंशी वाद घातला होता, मुलीला अडवू नका म्हणून, नवी सून असून. त्यानंतर सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत. ताट वाढलं तरी मान वर करत नसत. मी तेव्हा आईकडे जाऊन सांगितलं होतं, सासू फार तुसडी आहे, मुलगी शिकते तर हिच्या पोटात दुखतं. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पोटात काय दुखत होतं ते मला त्या बाकावर बसून कळलं, आणि ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. निदान त्यांच्याच मुलीला तरी नाहीच.

"दोनच वड्या खा," मी तिला म्हणाले. "बाकीच्या तिला ठेव."

दुपारी त्यांनी गाडीत वाळूच्या गोण्या ठेवून रिकाम्या फेऱ्या मारल्या. पुन्हा पुन्हा. मग पाहुण्यांपैकी ज्यांना बसायचं असेल त्यांना बोलावलं. बरेच जण घरी गेले होते. लेक बाबांबरोबर परत आली, डोळे सुजलेले. जरा अंतर ठेवून माझ्या समोर उभी राहिली.

"मी परत बसणार आहे," ती म्हणाली. मग, माझ्याकडे न बघता, "तू येतेस?"

नणंद तिथेच होती. मी नाही म्हटलं असतं तर शेजारची जागा कोणाला मिळाली असती ते उघड होतं. "येते," मी म्हणाले. नवरा थक्क होऊन बघत राहिला. नंतर त्याने पुष्कळांना सांगितलं की बायकोने धाडस केलं. त्यात धाडस काही नव्हतं. ती जागा मला सोडायची नव्हती, एवढंच.

दांडा मांडीवर आला तेव्हाच मला उतरावंसं वाटलं. गाडी हलली, चढायला लागली, पाठ मागे टेकली गेली आणि समोर फक्त आकाश राहिलं.

"आई, डोळे मीट हवं तर."

"नाही. तू बोल. काय शिकवतात तिथे?"

"आत्ता?"

"आत्ताच. आता मला उठून स्वयंपाकघरात जाता येत नाही."

ती हसली, आणि मग बोलायला लागली, भराभर, साखळीच्या आवाजावर आवाज चढवून. जहाज एवढं जड असून का तरंगतं, त्याचा सांगाडा कसा मांडतात, लहानपणापासून रेवदंड्याच्या पुलावरून जाताना ती होड्यांकडे का बघायची. मला हे काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती खिडकीतून वारा घेते. परीक्षा अवघड आहे, कदाचित जमणारही नाही, म्हणून सांगितलं नाही. आणि शेवटी, अगदी टोकाशी, "आणि मला वाटलं, तू एकटी पडशील."

"माझं मी..." असं मी काहीतरी म्हणायला गेले आणि जमीन संपली.

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. मी ओरडले, ते पार फाटकापर्यंत ऐकू गेलं म्हणे. खाली उतरल्यावर बाजूच्या गवतात जाऊन सगळं ओकले. लेक माझी पाठ चोळत होती, नणंद लिंबू सरबताचा ग्लास घेऊन उभी होती, आणि दोघी हसू दाबत होत्या. दाबता दाबता फुटल्या. मलाही हसू आलं, पण नंतर. घरी येईपर्यंत नाही.

आज लेक विशाखापट्टणमला आहे. रोज संध्याकाळी मला फोन करते. मेसमध्ये काय होतं, सांबार किती तिखट होतं, गादी कधी उन्हात टाकली, हे सगळं सांगते. महत्त्वाचं काही असलं की अजूनही आधी आत्यालाच सांगते. हे मला कळतं, कारण नणंद फोनवर म्हणते, "वहिनी, मी सांगितलं असं सांगू नकोस हं." मी नाही सांगत. पण फोन ठेवल्यावर थोडा वेळ कोणाशी नीट बोलत नाही, हे नवऱ्याला आता पाठ झालंय.

गेल्या आठवड्यात मात्र एक झालं. लेकीचा भर दुपारी फोन आला, मी लॅबमध्ये असताना. वर्गातल्या एका मुलाबद्दल होता. बरंच काही सांगितलं, मध्ये रडली, मध्ये हसली. मी एका काकांच्या दंडाला पट्टी बांधून ठेवली होती, ते बिचारे मूठ आवळून बसले होते. रात्री नणंदेशी बोलताना मी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, "तुला त्या मुलाचं कळलंच असेल."

"कुठला मुलगा?"

मग ती हळूच म्हणाली, "मला नाही बोलली काही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला, पाय वर घेऊन नीट बसले, आणि म्हटलं, "राहिलं असेल गं सांगायचं. कामात असते ती."